इंदुरात छोट्या दुकानातून इलेक्ट्रिक स्कूटर: तीन दुकानं, तीन भाव, कुठली घ्यावी?

डबेवाली_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. राजेंद्रनगरात माझी घरगुती डब्यांची सेवा आहे. बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे भंवरकुआँला कोचिंगसाठी राहणारी मुलं, आणि काही वयस्क जोडपी सुदामानगर, लोकमान्यनगर भागातली. डबे पोचवणारा मुलगा आजवर त्याच्या काकांची पेट्रोल स्कूटर वापरायचा. काकांना ती परत हवी आहे, म्हणून आता मीच गाडी घेऊन देणार आहे. दोन वेळचे डबे मिळून रोज साधारण ३५ किलोमीटर होतात. सकाळच्या फेरीत डब्यांचं वजन ४० किलोच्या आसपास असतं. मुलगा १९ वर्षांचा आहे, लायसन्स नाही.

छोट्या दुकानांत फिरले. दिसायला जवळपास सारखीच गाडी, भाव मात्र असे:

भंवरकुआँजवळचं दुकान: ४६,५००. ६० व्होल्ट ३२ एएच (अँपिअर-तास) 'ग्राफीन' बॅटरी, एक वर्ष वॉरंटी. ‘नब्बे किलोमीटर चलेगी, पैंतालीस की स्पीड, लायसन्स-वायसन्स कुछ नहीं.’ वर म्हणतात की सरकारी सबसिडी कापूनच हा भाव सांगितला.

अन्नपूर्णा रोडचं दुकान: ५४,०००. ६० व्होल्ट ३२ एएच लेड-अ‍ॅसिड (शिशाची), एक वर्ष वॉरंटी. दुकानात स्वतःचा मेकॅनिक आहे, मागच्या खोलीत गाड्या उघडून काम चालू होतं.

बंगाली चौराह्याजवळचं: ६८,०००. लिथियम, ६० व्होल्ट ३० एएच, तीन वर्षं वॉरंटी.

पहिल्यात आणि तिसऱ्यात साडेएकवीस हजारांचा फरक. माझ्या धंद्यात ही रक्कम लहान नाही. कळणाऱ्यांनी कृपया सांगा, हे जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

मुक्काम_विजयनगर

बॅटरीचे. बाकी गाडी तिन्हीकडे एकाच प्रकारच्या सुट्या भागांची असणार. जाणकार येतीलच, वाचतोय.

व्होल्ट_अँपिअर

ताई, मी बॅटऱ्यांच्या दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘ग्राफीन’चं बघू. या भावात ग्राफीन म्हणून जे मिळतं ती लेड-अ‍ॅसिडच असते, प्लेटमध्ये कार्बनचा थोडा अंश घातलेला असतो इतकंच. चांगल्या कंपनीची असेल तर साध्या लेडपेक्षा थोडी बरी चालते, पण जात तीच. तेव्हा तुमच्यापुढे पर्याय तीन नाहीत, दोनच आहेत: लेड आणि लिथियम.

आता ३२ एएच. लेड बॅटरी जितक्या जोरात रिकामी कराल तितकं तिच्यातून कमी निघतं. तीच बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी केली तर आकडा मोठा येतो, २ तासांत केली तर लहान. स्कूटर दोन तासांतच रिकामी करते, म्हणून आपल्या कामाचा आकडा २ तासांचा. बॅटरीवर कुठला छापलाय ते बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच. यावर माझा साधा उपाय वजनाचा. ६० व्होल्टचा सेट म्हणजे १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या. १२ व्होल्टची २० एएच बॅटरी ७ किलोच्या आसपास भरते, ३२ एएचची १० किलोच्या आसपास. दुकानात त्यातली एक बॅटरी बाहेर काढायला सांगा आणि काट्यावर ठेवा. शिसं कमी घातलं असेल तर स्टिकर काहीही म्हणो, काट्यावर दिसतंच.

कागदावर ६० × ३२ म्हणजे १,९२० वॉट-तास. प्रत्यक्षात दोन तासांच्या हिशोबाने आणि तळ न गाठता वापरायचे म्हटले तर १,२०० ते १,३०० हातात येतात. डब्यांचं वजन, सिग्नलवर थांबणं-निघणं धरून किलोमीटरला ३० वॉट-तास लागतील. म्हणजे ४० किलोमीटर. नव्वद विसरा. लिथियममध्ये, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) रसायन असेल तर, १,८०० पैकी १,५०० च्या वर सहज वापरता येतात, म्हणजे ५० किलोमीटर.

पण खरा हिशोब एका चार्जचा नाही, आयुष्याचा आहे. रोज ३५ किलोमीटर म्हणजे लेडची बॅटरी तुम्ही रोज जवळजवळ पूर्ण रिकामी करणार. अशा वापरात ती ३०० ते ३५० चार्ज टिकते. ३५० × ३५ = साधारण १२,००० किलोमीटर. महिन्याला २६ दिवस धरले तर ९१० किलोमीटर, म्हणजे तेराव्या महिन्यात सेट बसणार. वॉरंटी बारा महिन्यांची आहे, हे लक्षात घ्या.

नवा सेट २२,००० च्या घरात, जुना भंगारात देऊन चारेक हजार परत. निव्वळ १८,०००. किलोमीटरमागे दीड रुपया नुसता बॅटरीचा. त्यात वीज मिळवा, मग पेट्रोलपासून फार लांब राहत नाही.

एलएफपी पॅक १,५०० चार्ज धरला तरी ५२,००० किलोमीटर. उद्या नवा घ्यावा लागला आणि ३२,००० पडले तरी किलोमीटरला साठ पैसे. फरक नव्वद पैसे, तुमच्या महिन्याला आठशे रुपये. ५४ आणि ६८ मधले चौदा हजार दीड वर्षात वसूल. रोज आठ-दहा किलोमीटर चालवणाऱ्याला मी लेड घेऊ नका असं म्हणणार नाही. तुमच्या वापराला लेड परवडत नाही.

डबेवाली_राजेंद्रनगर

दादा, फार आभार. असा हिशोब एकाही दुकानाने मांडला नाही. वॉरंटी बारा महिने आणि सेट तेराव्या महिन्यात, हे वाचून मी थांबलेच.

सुदामानगर_स्कीम

काटा घेऊन दुकानात जायची कल्पना आवडली. भाजीवाल्याकडे आपण काट्याकडे डोळे लावून उभे असतो, आणि पन्नास हजारांच्या वस्तूला कोणी हात लावून बघत नाही.

छोटा_शोरूमवाला

मी स्वतः इंदुरात ई-स्कूटरचं छोटं दुकान चालवतो. वर लिहिलेल्या तिघांपैकी मी नाही, आणि माझ्या दुकानाचं नाव इथे टाकणार नाही. पण या धंद्यात भाव कसा खाली येतो हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण त्याचा मार आमच्यासारख्या नीट काम करणाऱ्यांवर पडतो.

फ्रेम, मोटर, प्लास्टिक, दिवे हे सगळ्यांना जवळपास एकाच भावात पडतं. एखादा दुकानदार माझ्यापेक्षा सात-आठ हजारांनी खाली विकतो तेव्हा त्याने कुठेतरी हात आखडलेला असतो, आणि तो गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशाच जागी. पहिली जागा बॅटरी, ती वर आलीच. दुसरी चार्जर. हलका चार्जर बॅटरी भरल्यावर नीट बंद होत नाही, रात्रभर तिला शिजवत राहतो. उन्हाळ्यात सेट फुगतात ते बरेचदा यामुळे. तिसरी तारा. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत (मोटरला वीज सोडणारी पेटी) जाणारी तार एक नंबर बारीक घातली की पैसे वाचतात, आणि चढावर तीच तार तापते. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत एमसीबीच्या (जास्त वीज ओढली की पडणारा स्विच) पायाशी तारेचं आवरण वितळून स्क्रूला चिकटलं होतं. स्क्रू काढायला पक्कड लागली. गाडी जुनी नव्हती.

चौथी जागा बिल. पक्क्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी’ असं कोणी म्हणालं की समजा, वॉरंटीही तिथेच संपली. पुढे बॅटरी बदलून मागाल तर हातात दाखवायला काय राहणार?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सर्वांत स्वस्त विकणारा गाडीवर कमावतच नाही. त्याचं गणित पहिल्या बॅटरी-बदलावर असतं. गाडी गळ्यात पडली की वर्षाने सेट घ्यायला तुम्ही त्याच्याकडेच येणार, आणि तेव्हा भाव तो म्हणेल तो. म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न गाडीच्या भावाचा विचारू नका. विचारा: आज हाच बॅटरी सेट सुटा घेतला तर केवढ्याला? उत्तर लिहून घ्या. जो सरळ सांगतो त्याच्याशी पुढे बोला.

पलासिया_ते_पिथमपूर

माझं मत वेगळं आहे. ६८,००० घालून अनोळखी नावाची गाडी घ्यायची, त्यापेक्षा पंचवीस-तीस हजार आणखी घालून मोठ्या कंपनीची का नको? २०२४ मध्ये बजाजने चेतक २९०३ आणि टीव्हीएसने आयक्यूबचं २.२ किलोवॉट-तासाचं मॉडेल, दोन्ही लाखाच्या आत आणली. रजिस्टर होणारी गाडी म्हणजे बँकेचं कर्ज मिळतं, विमा मिळतो, पाच वर्षांनी विकली तरी गिऱ्हाईक मिळतं. छोट्या दुकानाच्या गाडीला पुन्हा विकताना कोण विचारतो?

व्होल्ट_अँपिअर

पिथमपूरकर, तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण ताईंच्या डबे पोचवणाऱ्या मुलाकडे लायसन्स नाही, आणि डब्यांच्या फेऱ्या अडीच-तीन किलोमीटरच्या टप्प्यांच्या आहेत. त्या गाड्यांचा वेग त्यांना वापरायलाच मिळणार नाही. मुलगा लायसन्स काढत असेल तर मात्र मी पण तुमच्याच बाजूने बोलेन.

वकीलकाका_जेलरोड

लायसन्सचा विषय निघाला म्हणून लिहितो. ‘पैंतालीस की स्पीड, लायसन्स नहीं’ हे एका वाक्यात बसूच शकत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे बॅटरीवर चालणारी दुचाकी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही ती फक्त या अटींत: मोटरची ३० मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही. शिवाय त्या मॉडेलला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र हवं, म्हणजे पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट वगैरे. या चौकटीत बसली तरच नंबर, लायसन्स, विमा यांची सक्ती नाही.

कंट्रोलरची एक तार जोडून किंवा तोडून दुकानदार वेग ४५ वर नेतो. त्या क्षणी ती गाडी कायद्याच्या नजरेत बिनानंबरची, बिनाविम्याची मोटारगाडी होते आणि चालवणारा बिनालायसन्सचा. दंड ही त्यातली लहान गोष्ट. भंवरकुआँच्या गर्दीत कोणाला धक्का लागला आणि प्रकरण क्लेम ट्रिब्युनलमध्ये गेलं, तर विमा नसल्यामुळे भरपाई गाडीच्या मालकाच्या खिशातून जाते. इथे मालक तुम्ही, आणि मुलगा तुमच्या कामावर. म्हणून सांगतो ताई, ती तार जोडलेली गाडी फुकट दिली तरी घेऊ नका.

सबसिडीचं म्हणाल तर केंद्राची योजना कमी वेगाच्या, रजिस्टर न होणाऱ्या गाड्यांना नाहीच. आधीच्या फेम-२ योजनेत नव्हती, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्हमध्येही नाही. लेड-अ‍ॅसिडला तर मुळीच नाही. ‘सबसिडी काट के’ म्हणणारा एक तर स्वतः अजाण आहे किंवा तुम्हाला अजाण समजतो.

छोटा_शोरूमवाला

काकांशी शंभर टक्के सहमत. रोज निदान एक गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘स्पीड खोल दो’ म्हणतं. मी नाही म्हणतो, ते शेजारच्या दुकानात जातं. तेव्हा नुकसान होतं हे खरं, पण ज्याच्या घरात शाळेत जाणारी मुलगी ती गाडी चालवणार आहे त्याला मी तोंड कसं दाखवू?

रंगपंचमी_गेर

माझा अनुभव सांगते, म्हणजे ताईंना उपयोग होईल. मी एका छोट्या दुकानातून लेडची गाडी घेतली होती, नाव घेत नाही. वॉरंटीच्या आत पाचपैकी दोन बॅटऱ्या बसल्या. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का होता, बॅटरीचा सिरीयल नंबर लिहायची जागा कोरी. दुकानदार म्हणाला, कंपनीला पाठवतो, महिना लागेल. महिनाभर गाडी घरात उभी. परत गेले तर शटरवर ‘दुकान भाड्याने देणे आहे’. फोन लागत नाही. बॅटरी बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं तर त्यांनी सिरीयल नंबर आणि विक्रीची तारीख मागितली, आणि माझ्या कागदावर दोन्ही नाही. शेवटी सगळा सेट स्वतः घेतला.

कोरी जागा दिसत असूनही दुकानदार ती भरत नाही, कारण त्याला माहीत असतं पुढे काय होणार आहे. याचा मला आजही राग येतो. त्याच पैशांत त्याने मला एक शब्द खरा सांगितला असता तर मी आणखी पाच जणींना त्याच्याकडे पाठवलं असतं.

वकीलकाका_जेलरोड

दुकान बंद झालं तरी बनवणारी कंपनी सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली विकणारा आणि बनवणारा दोघांविरुद्ध जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला फी नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवा, कित्येक प्रकरणं तिथेच मिटतात. पण हे सगळं बिलावर उभं असतं. बिल नसेल तर मीही काही करू शकत नाही.

बडोद्याहून

इथे बडोद्यातही हेच चित्र आहे. जॉय ई-बाइक बनवणारी वॉर्डविझार्ड आमच्याच शहरातली, तरी दांडिया बाजारातला माणूस गाडी घेताना कारखाना कुठला हे विचारत नाही, ‘बिघडली तर तू उघडशील का’ हे विचारतो. माझ्या मते छोट्या दुकानाचं मोल त्या एका प्रश्नात आहे. ज्याच्याकडे मेकॅनिक नाही तो दुकानदार नाही, नुसता मधला माणूस आहे.

मीटर_रीडिंग

विजेचं कोणीच बोललं नाही. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असेल तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. १५० ओलांडलं की ही सवलत त्या महिन्यापुरती गेली.

स्कूटरला तुमच्या वापरात ३५ ते ४० युनिटं लागतील. घरचा वापर आधी १२० असेल तर तुम्ही १६० वर जाल. गेलेली सवलत पाचशेच्या वर, शिवाय जास्तीच्या युनिटांचे पैसे. म्हणजे ‘किलोमीटरला पंचवीस पैसे’ हे जे सगळी दुकानं सांगतात, ते अशा घरात ऐंशी पैशांवर जातं. आधीपासूनच १५० च्या वर असाल तर प्रश्न नाही. गेल्या काही महिन्यांची बिलं काढून बघा.

डबेवाली_राजेंद्रनगर

बघितली. दोन फ्रीज आणि मिक्सर असल्यामुळे आमचं बिल बारा महिने १५० च्या वरच असतं, तेव्हा हा फटका मला नाही. पण माझ्या जावेला आहे. तिलाही स्कूटर घ्यायची आहे, तिला हे आजच सांगते.

आता मुख्य गोष्ट. सगळ्यांचे प्रतिसाद लिहून घेतले आणि दुकानांत परत गेले. सोबत मुलगा, भरलेले डबे, आणि आमच्याकडचा सामान मोजायचा लटकवायचा काटा.

भंवरकुआँच्या दुकानात बॅटरी बाहेर काढायला नकार मिळाला. ‘सील टूट जाएगी.’ सुटा सेट केवढ्याला, तर ‘वो तब का तब देखेंगे.’ तिथून निघालो.

बंगाली चौराह्याच्या दुकानात मोकळेपणाने बोलले. लिथियम एलएफपीच आहे, पॅकवर सिरीयल नंबर आहे. पण दुरुस्ती होते ती देवास नाक्याच्या पलीकडे कुठेतरी, आणि गाडी आपण न्यायची. राजेंद्रनगरहून तिथे बंद पडलेली गाडी कोण नेणार?

अन्नपूर्णा रोडवाल्यांनी बॅटरी स्वतःहून काढून दिली. काट्यावर नऊ किलो आठशे. म्हणजे माणूस खरा बोलत होता. मग मी म्हटलं, भैया, मला लेड परवडत नाही, याच गाडीत लिथियम बसेल का? ते म्हणाले, मी बाहेरचा पॅक आणून बसवणार नाही, कंपनीचं याच मॉडेलचं लिथियमवालं येतं ते मागवून देतो, ६७,००० पडतील.

व्होल्ट_अँपिअर

बाहेरचा पॅक बसवणार नाही म्हणाले, हे त्यांच्या बाजूने मोठं प्रमाण आहे. लेडच्या गाडीत लिथियम कोंबून लेडचाच चार्जर देणारे पुष्कळ आहेत. दोन्हींचे चार्जर वेगळे असतात, आणि बीएमएसवर (पॅकमधलं बॅटरी सांभाळणारं सर्किट) सगळा भरवसा टाकून चुकीचा चार्जर लावणं धोक्याचं. वकीलकाका, प्रमाणपत्रात बॅटरीचा प्रकार असतो ना?

वकीलकाका_जेलरोड

असतो. मॉडेलचं नाव, मोटर, बॅटरी हे सगळं त्यात असतं. लिथियमचं नाव त्या कागदावर आहे का ते डोळ्यांनी बघा आणि एक प्रत मागून घ्या. पोलिसाने अडवलं तर मुलाच्या खिशात ती प्रत हवी.

छोटा_शोरूमवाला

ताई, चालवून बघताना डबे पूर्ण लादा आणि एखाद्या चढावर न्या. केसरबागचा पूल तुम्हाला जवळ आहे. मेकॅनिकला सांगा, मल्टीमीटर बॅटरीच्या टोकांना लावून ठेव. पूर्ण भरलेला चांगला लिथियम पॅक चढावर दोन-तीन व्होल्ट उतरतो आणि सपाटीवर लगेच वर येतो. पाच-सहा उतरला तर पॅकमध्ये किंवा तारेत खोट आहे. चढून आल्यावर एमसीबीच्या तारेला बोट लावून बघा, कोमट चालेल, चटका बसायला नको.

एक सांगून ठेवतो. २५० वॉटच्या आतली मोटर आहे, भरल्या डब्यांनी पुलावर ती हळूच चढणार. ते तिचं काम आहे, बिघाड नाही.

डबेवाली_राजेंद्रनगर

गाडी घेतली. ६५,५०० ला, पक्क्या बिलावर, जीएसटीसकट.

केसरबागच्या पुलावर नेली होती. खाली ६६ व्होल्ट, चढावर ६३ च्या जरा वर, उतरून येईपर्यंत पुन्हा ६५. मेकॅनिक पोरगा मागे बसून मीटर धरून होता, त्यालाच जास्त उत्साह. पुलावर वेग बराच पडला, पण गाडी कुठे अडली नाही. तार कोमट. प्रमाणपत्राची प्रत मिळाली, लिथियमचं नाव त्यात आहे.

भाव दीड हजारांनी उतरला तो मी घासाघीस केली म्हणून नाही. मी त्यांना सांगितलं की भाव राहू दे, मला या गोष्टी बिलाच्या मागे लिहून द्या. त्यांनी लिहून दिल्या आणि वर म्हणाले, ‘दीदी, इतना पूछने वाला कस्टमर वापस भी आता है’, आणि स्वतःहून कमी केले. कोणाला उपयोगी पडेल म्हणून जसं लिहून घेतलं तसं देते:

बॅटरी एलएफपी, ६० व्होल्ट ३० एएच, सिरीयल नंबर अमुक, चार्जरचा नंबर अमुक. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून ३६ महिने. बॅटरी वॉरंटीत गेली तर ती कंपनीकडे पाठवण्याची जबाबदारी दुकानाची. दोन दिवसांपेक्षा जास्त लागले तर तोवर दुसरी गाडी वापरायला देणार. आज सुट्या पॅकचा भाव ३१,०००.

‘दुसरी गाडी देणार’ या ओळीसाठी मी थांबून राहिले होते. डबा एक दिवस चुकला तर पोरं दुसऱ्या मेसला जातात आणि परत येत नाहीत.

रंगपंचमी_गेर

ताई, हे वाचून फार बरं वाटलं. सिरीयल नंबरासकट!

पलासिया_ते_पिथमपूर

अभिनंदन. २५ च्या वेगाने दुपारचे डबे वेळेत पोचतात का?

डबेवाली_राजेंद्रनगर

पोचतात. फेरी पंधरा मिनिटं आधी काढते, म्हणून कणीक तेवढी आधी मळावी लागते. भंवरकुआँच्या गर्दीत तसंही कोणी २५ च्या वर जात नाही. मुलाला मात्र लायसन्स काढायला लावणार आहे, पुढच्या वर्षी दुसरी गाडी लागली तर तेव्हा तुमच्या चेतकचा विचार नक्की करेन.

मुक्काम_विजयनगर

अन्नपूर्णा रोडच्या दुकानाचं नाव मिळेल का? मलाही आईसाठी बघायची आहे, तिचा वापर जेमतेम मंडई आणि देऊळ.

डबेवाली_राजेंद्रनगर

व्यनि (खासगी निरोप) करते. पण आईंचा वापर एवढाच असेल तर तिथली ५४ हजारांची लेडवालीच बघा, वर दादांनी सांगितलंय तसं. लिथियमचे पैसे त्यात वसूल होणार नाहीत.

छोटा_शोरूमवाला

बरोबर सल्ला. फक्त लेडची गाडी वापरली नाही तरी पंधरवड्यातून एकदा चार्ज करायला सांगा, पडून राहिली की तीही खराब होते.

आणि डबेवाली ताई, पावसाळा लागायच्या आधी एकदा मेकॅनिककडून मागच्या चाकातून येणारा हॉल सेन्सरचा (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला कळवणारा) प्लग उघडून घ्या. लाल, काळी, पिवळी, हिरवी, निळी अशा पाच बारीक तारा असतात. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की त्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि गाडी झटके मारत थांबते. लोक मोटर गेली समजून घाबरतात. प्लग पुसून, ग्रीस भरून, वर ट्यूब चढवली की पावसाळाभर बघावं लागत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, ते पैसेही घेणार नाहीत.

डबेवाली_राजेंद्रनगर

मुलाला हे वाचून दाखवलं. म्हणतो, शनिवारी संध्याकाळची फेरी झाली की तिकडूनच जाऊन येतो.